हनुवटीखालचा हात

गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. त्याच्या मालकाला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे रेडिओ म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. सकाळी शटर वर गेलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते शटर खाली आलं तरी चालूच असायचं. दुकानामागेच घर, आणि घरी बायको होती ना ऐकायला.

पण उगाच बडबड्या म्हणून त्याला मोडीत काढू नये. त्या बडबडीला धंद्याचं कारण होतं. दाढीला बसलेल्या माणसाच्या तोंडाभोवती फेस, गळ्याशी वस्तरा, आणि हनुवटी रेडिओच्या डाव्या हातात. असा माणूस बोलणार काय, कपाळ? म्हणून दोन्ही बाजू रेडिओच सांभाळायचा. "काय, मुलगा लागला का नोकरीला? लागला असेल. लागलाच म्हणायचा. पगार बरा आहे ना? सुरुवातीला काय, बराच म्हणायचा." गिऱ्हाईक डोळ्यांनी हो म्हणायचं, किंवा तेवढंही नाही. प्रश्न याचा, उत्तर याचं, आणि वर "तुमच्याशी बोललं की बरं वाटतं बघा" हेही याचंच. उभं आयुष्य असं गेल्यावर समोरच्याच्या तोंडाला फेस आहे की नाही, हे बघायची सवय राहत नाही.

त्याची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. तिची मुलगी बिट्टी. ही बिट्टी सात-आठ वर्षांची, डोळ्यांनी तल्लख, पण बोलताना अडखळायची. शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या ओठांवर अडकून बसायचं. रेडिओचा तिच्यावर भारी जीव. फोनवर ती "आबा, मला प... प..." करायला लागली की तो लगेच मदतीला धावायचा. "पेन? पेन्सिल? पेंट? पेंटच ना? रंगपेटी हवी माझ्या बाईला!" पलीकडून बारीक आवाज यायचा, "हो." रेडिओ खूश. दुसऱ्या दिवशी रंगपेटी रवाना. नातीच्या मनातलं आपल्याला कसं अर्ध्या शब्दात कळतं, हे मग तो आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगायचा.

त्या वर्षी बिट्टीला वर्गासमोर उभं राहून इंग्रजीचं एक पान वाचायचं होतं. पहिल्याच शब्दाला घोडं अडलं. मागच्या बाकावरून कुणीतरी तिची नक्कल केली, आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून पोरीने तोंडच मिटून घेतलं. शाळेत नाही, शेजारी नाही, फोनवर तर नाहीच. स्क्रीनवर दिसायची, हात हलवायची, मान हलवायची. रेडिओ एकटाच बोलत राहायचा. फोन ठेवल्यावर मात्र गप्प होऊन बसायचा, आणि तो गप्प बसला की बायकोला काळजी वाटायची.

सुट्टीच्या आधी मुलीचा फोन आला. तिला ऑफिसच्या ट्रेनिंगला जायचं होतं, जावयाची पाळीची नोकरी. "सुट्टीभर बिट्टी तुमच्याकडे राहील. पण बाबा, एक काम आहे. तिला स्पीच थेरपी चालू आहे. तिथल्या बाईंनी सांगितलंय, रोज अर्धा तास सराव चुकवायचा नाही. शब्द तोडायचा, एकेका तुकड्याला टेबलावर हात मारायचा आणि सावकाश म्हणायचा. कुणीतरी सोबत बसायला लागतं."

"मग त्यात काय! बसतो की."

"पुस्तक इंग्रजी आहे, बाबा. शाळा उघडली की तेच पान पुन्हा वाचायचंय तिला. नाहीतर ती शाळेत जाणारच नाही म्हणते. म्हणते म्हणजे, लिहून दाखवलं मला. जमेल ना तुम्हाला?"

"न जमायला काय झालं?" रेडिओने ठोकून दिलं. फोन ठेवल्यावर तो फळीवरच्या बाटल्या बघत बसला. त्याचं इंग्रजी म्हणजे बाटल्यांवरचं. शाम्पू, लोशन, क्रीम हे तो वाचायचा असं नाही, ओळखायचा, जसं आपण शेजाऱ्याला पाठमोरा ओळखतो. ते शब्द कुठे तोडायचे याची त्याला दाढीच्या फेसाइतकीही कल्पना नव्हती.

पण गिऱ्हाइकांत एक सर होते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, एक दिवस आड दाढीला येणारे. रेडिओने त्यांना खुर्चीत बसवलं, टॉवेल बांधला आणि विचारलं, "सर, इंग्रजी शब्द तोडायचा कसा?"

"कशाला तोडतोस? चांगला आहे की." सर म्हणाले. मग रेडिओचा चेहरा बघून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समोरच्या फळीवरची केस सरळ करायच्या क्रीमची बाटली उचलली. "हा शब्द घे. स्ट्रेट. किती तुकडे?"

रेडिओने अक्षरं मोजली. चांगली आठ निघाली. "चार तरी असतील."

"एक."

"एक? आठ अक्षरांचा एक तुकडा? मग बाकीची काय फुकट बसलीत?"

"फुकटच बसलीत." सर म्हणाले. "आणि एरिया. चारच अक्षरं, पण तुकडे तीन. ए, रि, या. आपल्या मराठीसारखं नाही ते. आपण लिहू ते बोलतो. इंग्रजीत डोळ्याने मोजायला गेलास की फसलास. तू अक्षरं मोजूच नकोस, जबडा मोज. हनुवटीखाली हात धर आणि शब्द म्हण. जितक्या वेळा जबडा हातावर येईल, तितके तुकडे."

रेडिओने हात हनुवटीखाली नेला. अख्ख्या गल्लीच्या हनुवट्या त्याच्या हाताला ठाऊक होत्या, पण स्वतःची त्याने अशी कधी धरली नव्हती. "ए. रि. या." हात तीनदा खाली गेला. "स्ट्रेट." एकदाच. तो आरशात बघून हसला. म्हणजे हे आपल्या धंद्यातलंच निघालं, त्याला वाटलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

पुढे दोनच दिवसांनी जे घडलं ते फक्त न्हाव्याच्या दुकानातच घडू शकतं. सरांच्या गालावर वस्तरा चालू होता. रेडिओचं डोकं तुकड्यांत. त्याने आपल्या सवयीने विचारलं, "सर, कंडिशनरचे किती?" आता प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं ही त्याची रोजची रीत, पण या वेळी उत्तर त्याला येत नव्हतं. आणि सर पडले हाडाचे मास्तर. विद्यार्थ्याने शंका विचारली की उत्तर द्यायचं, मग गळ्यावर वस्तरा का असेना. त्यांनी तोंड उघडलं, "कन," आणि जबडा खाली आला तो थेट पात्यावर.

फार नाही, थोडंच कापलं. तुरटी फिरवली, कापूस लावला. पण सर खवळले. "जन्मभर आम्हाला हलू नका, हलू नका म्हणून ओरडतोस आणि आता स्वतःच बोलायला लावतोस! यापुढे शिकवणी फेसापुरती. वस्तरा उचललास की शाळा सुटली." तसा करार झाला. मग रेडिओ सरांना फेस लावायचा तो लावतच बसायचा. गालावरचा फेस वाळून पांढरा व्हायचा, पुन्हा ब्रश भिजायचा, आणि बाकावर ताटकळलेला इलेक्ट्रिशियन म्हणायचा, "सर, तुमची दाढी होईपर्यंत माझी आणखी वाढेल."

शिकला मात्र रेडिओ. शेवटचा ई बहुतेक वेळा मुका, त्याला हिशेबात घ्यायचं नाही. मधे दोन जुळी अक्षरं आली की एक इकडे, एक तिकडे. दोन शब्द जोडून एक झाला असेल तर सांध्यावर तोडायचा: हेअर, कट. एवढं गाठीशी आलं आणि गडी सुटला. औषधाच्या दुकानाची पाटी तोड, बसवरची जाहिरात तोड, साबणाचं वेष्टन तोड. जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवत "रे-फ्रि-ज-रे-टर" करायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, घास तरी सलग गिळा."

बिट्टी आली. वेणी घट्ट, बूट चकचकीत, तोंड बंद. आजीच्या कुशीत शिरली, आबांना टाळी दिली. बोलली नाही.

दुपारी दुकान रिकामं असायचं. लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर टाकतात ती फळी रेडिओने टाकली, बिट्टीला वर बसवलं, पुस्तक समोर ठेवलं आणि स्वतः स्टूल ओढून बसला. त्याची किती तयारी! ते पान त्याने मुलीकडून आधीच फोनवर फोटो काढून मागवलं होतं आणि सरांकडून पाठ करून घेतलं होतं.

"हं. पहिला शब्द."

बिट्टीने हनुवटीखाली हात धरला. तिला ते आधीपासून येत होतं. "रॅ... रॅ..."

"रॅब! बिट!" रेडिओने फळीवर दोन थापा मारल्या. "शाब्बास! दोन तुकडे. पुढे?"

"डि... डि..."

"डिन! नर! जुळी अक्षरं, एक इकडे, एक तिकडे. कळलं ना? कळलंच! पुढे?"

बिट्टीने हात खाली घेतला. अर्ध्या तासात अख्खं पान वाचून झालं, आणि सगळं रेडिओने वाचलं. रात्रीच्या फोनवर त्याने मुलीला सांगितलं की पहिल्याच दिवशी पान फस्त केलं, पोरगी हुशार आहे. मुलीने विचारलं, "बिट्टी, मजा आली?" "हो म्हणतेय," रेडिओने सांगितलं.

असं रोज चाललं. पोरगी दिवसागणिक आणखी मिटत गेली. आता तर ती पहिलं अक्षरही काढेना. पुस्तक उघडायची, हाताची घडी घालायची आणि आबा कधी संपतात याची वाट बघायची. रेडिओ कासावीस झाला. सगळं तर बरोबर करतोय आपण. एक तुकडा चुकत नाही. मग घोडं पेंड खातंय कुठे?

"मला तर रोज तुमचाच आवाज येतो आतपर्यंत," बायको म्हणाली.

"तिला धीर नको द्यायला?"

"द्या की." ती म्हणाली आणि कामाला लागली. ती फार बोलणारी बाई नव्हती. या घरात तिला कधी गरजही पडली नव्हती.

एके दिवशी सरांना कुठेसं समारंभाला जायचं होतं म्हणून ते भर दुपारी दाढीला आले. रेडिओने त्यांच्या तोंडाला फेस लावला. शेजारच्या खुर्चीत, फळीवर, बिट्टी पुस्तक घेऊन बसलेली. "सर आहेत, आज त्यांच्यासमोर वाचू," रेडिओ म्हणाला. बिट्टीने पानं उलटली, भलतंच एक पान काढलं आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. मग बोटाने खूण केली: तुम्ही.

रेडिओची धांदल उडाली. हे पान त्याने पाठ केलेलं नव्हतं. वर एका अवाढव्य प्राण्याचा सांगाडा आणि खाली दोन ओळी. नातीसमोर माघार कशी घ्यायची? ब्रश ठेवला, हनुवटीखाली हात धरला आणि सुरुवात केली. पहिलाच शब्द लांबलचक. डी, आय. "दि," तो म्हणाला. मग, "नो." पुढे चार अक्षरं, त्यात दोन स्वरांची गर्दी. सा म्हणावं की साऊ? थांब, येतंय, चित्र तर ओळखीचं आहे, येतंय, अगदी ओठांवर...

"डायनोसॉर!" फेसातून सर म्हणाले.

रेडिओला काय झालं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कान गरम झाले. सर बिचारे मदतीलाच आले होते, पण तोंडचा घास कुणी ओढून घ्यावा तसं त्याला झालं. "सर, मला येत होतं!" तो एकदम ओरडला. "आलंच होतं! कशाला मधे बोललात?"

"अरे, अडलास म्हणून..."

"अडलो म्हणजे येत नाही असं नाही!"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि त्याचं लक्ष बिट्टीकडे गेलं. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिला हसू आलं नव्हतं, राग नव्हता. ओळखीच्या गल्लीत आपलं कुणी भेटल्यावर बघावं, तसं बघत होती.

तिने पुस्तकावर बोट ठेवलं. पुढचं. पुढचा शब्दही दांडगा होता. सर पुन्हा पुढे सरसावले तसं बिट्टीने त्यांच्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यभर वर्गाला गप्प करणारे सर गप्प झाले. मग ती फळीवरून वाकली आणि आपला हात तिने आबांच्या हनुवटीखाली धरला.

"इ," रेडिओ म्हणाला. "नॉर." आणि गाडी रुतली. "मो... मोउ... माऊस..." छे. रस्त्यावरून सायकल गेली. सरांच्या गालावरचा फेस वाळायला लागला. बिट्टीचा हात तसाच. तिला तो शब्द येत होता, हे तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. येत असून ती काही बोलत नव्हती, घाई करत नव्हती, मान हलवून चल चल म्हणत नव्हती. नुसती थांबली होती.

"मस," रेडिओ म्हणाला. "इ-नॉर-मस!"

"तीन," बिट्टी म्हणाली.

रेडिओचे डोळे भरून आले. ते त्याने टॉवेलने पुसले, सरांच्याच. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बिट्टे, मी पण असंच करतो का गं? सरांसारखं?"

"हो."

हा हो त्याला माहीत होता. रंगपेटीला आलेला तोच हा. "हो म्हणायचं म्हणून हो, की खरंच हो?"

"ख... ख..."

रेडिओच्या जिभेवर तो शब्द नाचायला लागला. त्याने दात घट्ट मिटले. गळ्यावर वस्तरा ठेवल्यावर गिऱ्हाईक बसतं तसा तो बसून राहिला, आणि त्याला पहिल्यांदा कळलं की असं बसणं किती कठीण असतं.

"खरंच," बिट्टी म्हणाली. मग थांबत, अडत, पुन्हा मागे जाऊन सुरुवात करत तिने आणखी एक गोष्ट सांगितली. रंगपेटी तिला नकोच होती. तिला सायकलचा पंप हवा होता. आबा इतक्या भराभर बोलत होते की हो म्हणून टाकणं सोपं पडलं. घरी आता आबांनी पाठवलेल्या पाच-सहा वस्तू होत्या, त्यातली एकही तिने मागितली नव्हती.

सर आरशाकडे बघत होते. "दाढी राहू दे आज," ते हळूच म्हणाले आणि स्वतःच तोंड धुवून गेले.

त्यानंतरही दुपारचा अर्धा तास चुकला नाही, फक्त त्यात रेडिओ बंद असायचा. एक ओळ बिट्टी वाचायची, एक आबा. ज्याची पाळी त्याच्या हनुवटीखाली दुसऱ्याचा हात. त्याला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागायचा, त्यामुळे लाज कुणालाच वाटायची नाही. जाणारे-येणारे आत डोकावून बघायचे, रेडिओला बरं नाही की काय. पान दोन दिवसांत काय, दोन आठवड्यांतही संपलं नाही. अडखळणं गेलं असंही काही झालं नाही. असल्या गोष्टीत चुटकीसरशी सगळं सुरळीत झालं असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. बिट्टी पहिल्यासारखीच अडायची. फक्त अडल्यावर ती तोंड मिटून घेत नव्हती, तिथून पुढे जात होती. गिऱ्हाइकांशी बोलतानाही रेडिओला मधेच काही आठवायचं, मग तो वस्तरा बाजूला घेऊन विचारायचा, "तुम्ही काहीतरी म्हणत होतात?" लोकांना सुचायचंच नाही काय म्हणत होतो ते. सवयच नव्हती ना.

एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. रेडिओने उचलला आणि हॅलोच्या पलीकडे काही बोलायच्या आतच बिट्टीने हात पुढे केला. गेल्या कित्येक महिन्यांत तिने फोन मागितला नव्हता. आजी गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली.

"आई," बिट्टी म्हणाली. "मला इथे क... कु..."

पडद्यावर मुलीचा चेहरा एकदम उजळला आणि लगेच कावराबावरा झाला. "करमत नाही? कंटाळा आला का, राणी? कुणी बोललं का तुला? न्यायला येऊ? येते मी, हं? रविवारीच येते!"

मुलगी शेवटी कुणाची? रेडिओचीच. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. बिट्टीची मान खाली जायला लागली होती. आता ती हो म्हणणार, हे त्याला लख्ख कळलं.

"थांब," तो फोनकडे वाकून म्हणाला. "थांब जरा. ती बोलतेय."

"अहो बाबा, पण तिला..."

"तिला येतंय ते. आपण थांबू."

पलीकडे मुलगी गप्प झाली. इकडे आजी गप्प, रेडिओ गप्प. बिट्टीने मान वर केली. शब्द पुन्हा अडला, पुन्हा मागे गेला, पुन्हा आला. कुणीही मधे पडलं नाही.

"कुणीच," बिट्टी म्हणाली, "घाई करत नाही."